टोपीकरांची टोपी आणि आपलं डोकं

मागच्या अंकात माझ्या बोलर हॅट्सबद्दल अर्धं पान लिहिलं काय आणि पत्रांचा, मेसेजेसचा ढीगच लागला. मला वाटलं होतं दोन-तीन जण विचारतील की बाई तुला दुसरा काही उद्योग नाही का. तसे सहा आलेच, वर बाईने बोलर घालू नये असाही सल्ला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, बोलर म्हणजे ती घुमटासारखी गोल, कडक, बहुतेक काळी हॅट, कडा दोन्ही बाजूंनी जरा वर वळलेली, चार्ली चॅप्लिनच्या डोक्यावरची. मँचेस्टरला नऊ वर्षं होते तेव्हा हा नाद लागला. आता ठाण्यात कपाटावर अकरा बोलर आहेत आणि त्यातल्या चारच मला होतात. हे चार लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

ताई, ही तर लंडनच्या बँकवाल्या साहेबांची टोपी ना? तुम्ही लिहिलंत नोकरांसाठी केली म्हणून, ते कसं काय? — एक वाचक, डोंबिवली

दोन्ही खरं आहे दादा, फक्त आधी नोकर आणि मग साहेब. १८४९ ची गोष्ट. इंग्लंडात नॉरफोकमध्ये होकम हॉल म्हणून मोठी जहागीर आहे, तिथले शिकारीच्या रानाचे रखवालदार घोड्यावरून फिरायचे आणि डोक्यावर काय तर ती उंच नळकांड्यासारखी टॉप हॅट. आता रानात घोड्यावरून जाताना झाडाच्या खालच्या फांद्या कुठे लागणार, हॅटलाच. पडायची, चेपायची, हरवायची. मग त्या घराण्यातल्या एडवर्ड कोकने (ते लोक उच्चार 'कुक' करतात) लंडनच्या लॉक अँड कंपनीला सांगितलं की बुटकी, डोक्याला घट्ट बसणारी आणि मार खाईल अशी काहीतरी करून द्या. लॉकचं दुकान १६७६ चं, म्हणजे आपल्या महाराजांचा राज्याभिषेक होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि सेंट जेम्स स्ट्रीटवर ते अजून चालू आहे. हॅट प्रत्यक्षात बनवली थेम्सच्या पलीकडे सदर्कमध्ये थॉमस आणि विल्यम बोलर या कारागिरांनी, म्हणून बोलर. १७ डिसेंबरला कोकसाहेब दुकानात आले, हॅट जमिनीवर ठेवली आणि दोनदा तिच्यावर पाय देऊन दाबली असं सांगतात. चेपली नाही. बारा शिलिंग मोजले आणि घेऊन गेले. लॉकच्या दुकानात आजही तिला बोलर नाही, 'कोक' म्हणतात, गिऱ्हाइकाच्या नावावरून.

म्हणजे बघा, ती मुळात हेल्मेटच. नंतर कारकुनांनी घेतली, मग बँकवाल्यांनी, बेलफास्टच्या जहाज कारखान्यांतल्या मुकादमांची तर ती ओळखच होती. तिकडे अमेरिकेत तिला डर्बी म्हणतात. बुच कॅसिडी आणि त्याच्या दरोडेखोर साथीदारांचा १९०० साली फोर्ट वर्थला काढलेला फोटो आहे, पाचही जण सुटाबुटात आणि पाचांच्याही डोक्यावर बोलर. आपल्याला सिनेमांनी उगाच शिकवलंय की तिथे सगळे त्या रुंद काऊबॉय हॅटमध्येच फिरायचे.

चॅरिटी शॉपमध्ये एक सुंदर बोलर दिसलीय, आत सोनेरी शिक्का वगैरे आहे, साइज ६ ३/४, माझं डोकं ५८ सेंटिमीटर. नवरा म्हणतोय वापरून वापरून सैल होईल. घेऊ का? — एक वाचक, लेस्टर

नको. नवऱ्याला म्हणावं ती कोल्हापुरी चप्पल नाहीये.

आता सविस्तर सांगते, कारण निम्म्या पत्रांत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने विचारलाय. ब्रिटिश ६ ३/४ म्हणजे साधारण ५५ सेंटिमीटर, तुम्हाला लागेल ७ १/८. आणि हॅट अमेरिकेतून मागवत असाल तर त्यांचा नंबर ब्रिटिशांपेक्षा एक अष्टमांशाने मोठा असतो, म्हणजे तुमचं ५८ तिथे ७ १/४ होतं, यात भलेभले फसतात. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानाच्या जरा वरून आणि मागे जो उंचवटा लागतो त्याच्यावरून फिरवायची, नुसती केसांवरून नाही.

पण नंबर जुळला म्हणजे झालं असं नाही, खरी गंमत पुढेच आहे. मऊ फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या केसांच्या कापडाची, हॅट दोन दिवसांत तुमच्या डोक्यासारखी होते, बोलर होत नाही, तिच्यासारखं तुम्हाला व्हावं लागतं. माझी पहिली बोलर मी स्टॉकपोर्टच्या एका जुन्या बाजारात ३५ पौंडांना घेतली, साइज अगदी बरोबर, आरशात बघून स्वतःवरच खूश. ट्रेनमध्ये वीस मिनिटं झाली आणि कपाळ ठणकायला लागलं, कानांच्या वर मात्र दोन्हीकडे बोट जाईल एवढी फट. घरी येऊन काढली तर कपाळावर लाल वळ, माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणते अगं कुठे आपटलीस. तर झालं असं होतं की हॅट होती गोलसर आणि माझं डोकं आहे लांबट. घेर तोच, आकार वेगळा.

ह्याच्यासाठी जुन्या हॅटवाल्यांकडे एक यंत्र असायचं, कॉन्फॉर्मेटर, पॅरिसमध्ये १८४३ ला निघालेलं. दिसायला म्हणजे बाजाच्या पेटीच्या पट्ट्या उभ्या करून गोल बांधल्यात आणि डोक्यावर मुकुट चढवलाय असं. पट्ट्या डोक्याच्या प्रत्येक उंचवट्याप्रमाणे आतबाहेर सरकतात, वरचं झाकण दाबलं की आतल्या टाचण्या कागदाला टोचतात आणि डोक्याच्या घेराची छोटी आकृती उमटते. मग त्या आकृतीवरून हॅटची आतली कडा तुमच्या डोक्याबरहुकूम वळवून देतात. लॉकवाल्यांनी मोठमोठ्या गिऱ्हाइकांचे असे कागद जपून ठेवलेत. मी पण हौसेने एकदा काढून घेतला, माझी आकृती निघाली सरळ बटाटा, एका बाजूला टेंगूळ असलेला. फ्रेम करून लावलाय.

थोडीशीच घट्ट असेल, म्हणजे अर्धा सेंटिमीटरचा मामला, तर उपाय आहे. आतली चामड्याची पट्टी आधी बाहेर उलटवायची, ही पायरी विसरू नका कारण चामड्याला वाफ लागली की ते आक्रसतं आणि हॅट होती त्याहून लहान होते. मग किटलीच्या वाफेवर आतली कडा पाच-दहा सेकंद फिरवायची, जिथे टोचतं तेवढीच जागा, पट्टी परत आत आणि गरम आहे तोवर डोक्यावर घालून दहा मिनिटं गप बसायचं. लालसेने जास्त वाफ दिली तर फेल्टला फोड येतात. आणि हे फार जुन्या हॅटला घरी करू नका, का ते खाली पाऱ्याच्या प्रश्नात सांगितलंय. सैल असेल तर पट्टीच्या मागे कागदाची घडी घालायची, शंभर वर्षं लोक हेच करत आलेत. माझ्या एका हॅटमध्ये अशी घडी निघाली, पिवळी पडलेली, उलगडली तर घोड्यांच्या शर्यतीचे भाव आणि एका घोड्याभोवती पेन्सिलने गोल. जिंकला का हरला देव जाणे, मी ती परत तशीच घालून ठेवली.

कोविडच्या सवयीने नवीन आणलेली जुनी हॅट सॅनिटायझरने नीट पुसून घेतली. आता वरचा भाग चिकट लागतोय आणि जरा मऊपण झालाय. काय करू? — एक वाचक, कोथरूड

अरे देवा. हात लावू नका, पुसू तर अजिबात नका. दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यात, उन्हात नाही, तशीच ठेवा.

बोलर कडक कशाने होते माहितीये? लाखेने. आपलीच लाख, पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर जो किडा बसतो त्याची, सुतार ज्याचं पॉलिश मारतात तीच. सशाच्या नाहीतर बीव्हरच्या केसांचं फेल्ट करतात, आपल्या घोंगडीसारखं विणलेलं नाही, वाफ आणि पाणी देऊन दाबून दाबून घट्ट केलेलं, आणि मग ते विरघळवलेल्या लाखेत मुरवतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, कारखान्यातसुद्धा पुष्कळदा स्पिरिटमध्ये विरघळवून घालायचे, आणि तुमच्या सॅनिटायझरमध्ये दुसरं काय असतं. म्हणजे तुम्ही जे कारखान्यात घातलं होतं तेच बाहेर काढायला लागलात. त्या काळी जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून जायची, तेव्हा साहेबाच्या डोक्यावरची ती अकड आपल्याकडच्या जंगलातून गेलेली, हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर उगाच खूश होते.

सुकल्यावर तो भाग परत कडक होईल, पण पांढरट डाग राहू शकतो, मऊ ब्रशने हळूहळू जातो. खड्डा पडला असेल तर मात्र हॅटवाल्याकडेच. आणि उन्हाचा तोच नियम गाडीला लावा, मेमध्ये बंद गाडीच्या मागच्या काचेशी बोलर ठेवली की लाख मऊ होते आणि कडा पापडासारखी वाकते.

जुन्या हॅटमध्ये पारा असतो आणि माणूस वेडा होतो असं वाचलं. माझ्याकडे पणजोबांची विलायतेहून आणलेली बोलर आहे, मुलं तिच्याशी खेळतात. घाबरायचं कारण आहे का? — एक वाचक, नागपूर

मुलांना खेळायला देऊ नका, एवढं आजच करा. बाकी घाबरू नका पण समजून घ्या. सशाच्या केसांनी एकमेकांना नीट धरावं म्हणून त्यांना पाऱ्याचं नायट्रेट लावायचे, टोकं गाजरासारखी केशरी व्हायची म्हणून त्या कामाला कॅरटिंग म्हणायचे. पुढे गरम पाणी, वाफ, इस्त्री, आणि त्या बंद खोल्यांत कारागीर ती वाफ दिवसाचे दहा-दहा तास हुंगायचे. हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं, स्वभाव चिडका आणि भित्रा व्हायचा. अमेरिकेत डॅनबरी हे हॅटचं गाव, तिथे या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं, 'डॅनबरी शेक्स'. अमेरिकेत पारा वापरणं बंद झालं थेट १९४१ ला. म्हणजे वेडा व्हायचा तो घालणारा नाही, बनवणारा. त्याच्याबद्दल हॅटच्या आतल्या शिक्क्यावर एक अक्षर नसतं.

पण फेल्टमध्ये पारा अजून असू शकतो, म्युझियमवाले जुन्या हॅट्सना हातमोजे घालूनच हात लावतात. पणजोबांची हॅट काचेच्या कपाटात ठेवा, काढलीत तर नायट्राइलचे हातमोजे, नंतर साबणाने हात. गरम वाफ द्यायची नाही कारण उष्णतेने पारा हवेत येतो. झटकायची नाही. मी स्वतः १९४० च्या आधीच्या हॅट्स फक्त बघते, घालत नाही. माझ्या अकरातल्या तीन अशा आहेत.

रत्नागिरीला राहतो, पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना पण मिशा फुटतात, तिथे हॅट कशी टिकवायची? — एक वाचक

मिशा, हाहा. कोकणात खरंच अवघड आहे. हवा खेळती हवी, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, घाम आतच धरतो. पुठ्ठ्याचा खोका, आत बिनआम्लाचा नाहीतर साधा पांढरा पातळ कागद (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), सिलिका जेलच्या पुड्या, आणि हॅट उलटी, घुमटावर उभी. कडेवर उभी ठेवली तर तिचा तो सुंदर बाक चपटा होतो आणि मग ती हॅट नाही, झाकण दिसते. पंधरा दिवसांनी एकदा कोरड्या दिवशी बाहेर काढा.

बुरशीपेक्षा मला भीती कसरीची वाटते. फेल्ट म्हणजे केस, आणि कसरीला केस म्हणजे श्रीखंड. बारीक भोकं, किंवा लव वस्तऱ्याने खरवडल्यासारखी दिसली तर हॅट पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर सगळं दव फेल्टवर बसतं, आणि गार असताना दाबायची नाही, लाख ठिसूळ असते. डांबराच्या गोळ्या हॅटला चिकटून ठेवू नका, तो वास माझ्या एका हॅटला चार वर्षं झाली तरी गेलेला नाही, घातली की शेजारचे म्हणतात कपाट उघडलं का कुणी.

बोलिव्हियातल्या बायकांच्या डोक्यावर हीच हॅट असते का? फोटोत तर फारच लहान वाटते. — एक वाचक, सांगली

हीच. तिकडे बॉम्बीन म्हणतात, ला पाझ शहरात आणि वर एल आल्तोमध्ये आयमारा आणि केचुआ या तिथल्या मूळ जमातींच्या बायका घालतात, घोळदार परकर, शाल, दोन लांब वेण्या आणि वर ही. १९२० च्या दशकापासूनची पद्धत. दंतकथा अशी सांगतात की रेल्वेच्या कामावरच्या ब्रिटिशांसाठी हॅट्सचा माल आला, तो लहान निघाला, आणि व्यापाऱ्याने तो बायकांच्या गळ्यात, म्हणजे डोक्यात मारला की युरोपात हीच फॅशन आहे. खरं-खोटं जाऊ दे, पण पुढे कित्येक वर्षं इटलीच्या बोर्सालिनो कंपनीच्या बोलर तिकडे जात होत्या आणि चांगली बॉम्बीन आजही तिथे दागिन्यासारखी जपतात. लहान वाटते कारण ती डोक्यात घालायचीच नसते, डोक्यावर ठेवायची असते, अंबाड्यावर गजरा बसावा तशी. सरळ असेल तर लग्न झालेली, तिरकी असेल तर नाही, असंही सांगतात.

मला सांगा, जी टोपी साहेबाने रखवालदारासाठी केली ती अँडीज पर्वतात भाजीवालीच्या डोक्यावर जास्त शोभते, तर बाईने बोलर घालू नये असं लिहिणाऱ्या त्या सहा जणांना अजून काय उत्तर द्यायचं?

ऑनलाइन एकाने '१८९० ची अस्सल' म्हणून बोलर विकली, आता मित्र म्हणतायत तुला टोपी घातली. कसं ओळखायचं? — एक वाचक, ठाणे

गाववाले, फोटो पाठवलात ते बरं केलंत. तुमच्या हॅटच्या अस्तरावर दुकानाच्या पत्त्यात शेवटी 'एस. डब्ल्यू. १' छापलंय. लंडनच्या टपाल विभागांना असे आकडे लागले १९१७ ला. १८९० च्या हॅटवर ते येणार कसे. राजाच्या नावाचा शिक्का पण बघायचा, 'हिज मॅजेस्टी द किंग' असेल तर १९०१ ते १९५२ मधली, नाहीतर थेट २०२२ नंतरची, कारण १९०१ च्या आधी आणि १९५२ ते २०२२ राणी होती. म्हणजे तुमची १९१७ नंतरची, वाईट नाहीये, फक्त १८९० ची नाहीये, तेवढे पैसे मागून बघा.

हॅट नकली नाही पण खराब आहे असं जास्त वेळा होतं. हातात आल्यावर घुमटावर नखाने टिचकी मारा, चांगली बोलर करवंटीसारखी टक्क वाजते. आवाज भद्द आला तर लाख गेलीय किंवा आत तडा आहे. अस्तर उचलून आतून टॉर्च मारा, बाहेरून न दिसणारे तडे आतून दिसतात, आणि तडा गेलेली बोलर नीट सांधता येत नाही, कुणी काहीही म्हणो. फेल्टवरून बोट फिरवा, सशाच्या केसांचं असेल तर मांजराच्या कानासारखं लागतं, लोकरीचं असेल तर खरखरीत, शाळेतल्या स्वेटरसारखं. आणि उचलताना कडेला दोन्ही हातांनी, घुमट चिमटीत धरून नाही, मी दुकानदाराला असं धरताना बघितलं की तिथूनच परत फिरते.

मुलाला शाळेत चॅप्लिन करायचंय, तुमची एखादी हॅट मिळेल का? — एक आई, कोल्हापूर

नाही मिळणार, राग मानू नका. पुठ्ठा आणि काळी वेलवेट, तुमच्याकडे कुणीही शिंपी तासाभरात करून देईल. मिशी मात्र काजळाची काढा, चिकटवलेली स्टेजवर पडते. आणि मुलाला सांगा गुजरातमध्ये कच्छात आदिपूर म्हणून गाव आहे, तिथे दरवर्षी १६ एप्रिलला चॅप्लिनच्या वाढदिवसाला आबालवृद्ध अशाच टोप्या घालून मिरवणूक काढतात.

मी ५२ वर्षांचा, भाच्याच्या लग्नात बोलर घालायची फार इच्छा आहे, बायको म्हणते बँडवाले समजतील. सुटावर चालेल ना? — एक वाचक, दादर

साध्या सुटावर चालते, उलट तीच तिची जागा. शेपटीवाल्या कोटावर टॉप हॅट लागते, बोलर नाही. लंडनला मे महिन्यात हाइड पार्कात घोडदळाच्या माजी सैनिकांची परेड असते, तिथे आजही अधिकारी सूट, बोलर आणि गुंडाळलेली छत्री असेच येतात. भुवयांच्या वर बोटभर, सरळ किंवा अगदी किंचित तिरकी, मागे ढकललेली नको, ती खरंच बँडवाल्यासारखी दिसते. फितीची गाठ डाव्या बाजूला, उलटी घातली तर हॉलमधलं कुणी ओळखणार नाही, पण मी फोटो बघितला तर ओळखेन. लग्न मेमध्ये दादरच्या बिनएसीच्या हॉलमध्ये असेल तर वहिनींचं ऐका. त्या घुमटात वारा जायला जागा नसते, दोन अक्षतांत घाम डोळ्यात येईल. डिसेंबरात असेल तर बिनधास्त घाला, जेवताना काढा, आणि काढून कुठे ठेवायची ते आधीच ठरवा, कारण लग्नात खुर्चीवर ठेवलेल्या हॅटवर मावशी बसते म्हणजे बसतेच. बोलर आहे म्हणा, टिकेल, पण मावशी घाबरेल.

अकरातल्या चारच होतात तर बाकी सात विकून टाका की. — तोच डोंबिवलीचा वाचक

तीन पाऱ्याच्या संशयाच्या आहेत, त्या देणार नाही. राहिल्या चार. दोन ५५ च्या, एक ५९ ची, आणि एक ५७ चीच पण गोल डोक्याची, तीच ती स्टॉकपोर्टची कपाळ ठणकवणारी. ज्यांचं डोकं ५७ आणि गोल आहे त्यांनी टेपचा आणि वरून काढलेला डोक्याचा असे दोन फोटो पाठवा, ३५ पौंडांतच देईन. शर्यतीच्या भावाची घडी मात्र ५९ च्या हॅटमध्ये आहे, ती विकायची नाही.